समुद्रफुलाची राखण

काकांच्या घरात लोणच्याच्या बरणीलासुद्धा सील असे. झाकण आणि बरणी यांना जोडणारी वहीच्या कागदाची पट्टी, खळीने चिकटवलेली, आणि तिच्यावर निळ्या शाईत काकांची सही. लोणचं हवं असलं की काकूंनी तसं सांगायचं, काकांनी येऊन पट्टी फाडायची, फोडी काढून झाल्या की नवी पट्टी लावायची. साखरेच्या डब्याला पट्टी, रेडिओच्या मागच्या झाकणाला पट्टी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पट्टी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांच्यात काही व्रत असेल.

काका आमचे घरमालक. वसईच्या होळी नावाच्या भागात, वाडीच्या कडेला त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते दोघं, वर आम्ही दोघं. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही साताऱ्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. काका वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुकानदारांचे तराजू पाहायचे, वजनांवर शिक्के मारायचे, खोटं वजन सापडलं की पंचनामा करायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. नोकरी संपली, तपासणी काही संपली नाही.

बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन असे. भाजीवालीचं वजन एका पारड्यात आणि आपलं दुसऱ्यात टाकून ते आधी दोन्ही ताडून पाहत. पारडी सरळ राहिली की त्यांचा चेहरा पडे. पाचूबंदरहून येणाऱ्या मासेवाल्या मावशीपुढे मात्र त्यांचं काही चालत नसे, कारण ती मासे वाट्यावर विकायची.

"वाटा म्हणजे किती?" काका विचारत.

"वाटा म्हनजे वाटा, काका. घेवाचा तं घ्या."

यावर खात्याकडे कलम नव्हतं. काका धुमसत घरी येत आणि काकू निवांतपणे मासे साफ करायला घेत.

आम्ही राहायला आलो ते दसऱ्याच्या सुमाराला. पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने भिंतीत खिळा ठोकला आणि आवाज ऐकून काका जिना चढून वर आले.

"खिळा कशाला?"

"कॅलेंडर लावायला, काका."

"या वर्षीचं की पुढच्या?"

तेव्हा आम्हाला तो विनोद वाटला. त्यांनी विनोद केला नव्हता, हे पुढे कळलं. काकांच्या वडिलांनी कोणे एके काळी एका कुटुंबाला पावसाळ्यापुरती वाडीत झोपडी बांधू दिली होती. पावसाळा गेला, कुटुंब राहिलं. पुढे कूळकायदा आला आणि केळीची ती वाडी कुळाच्या नावावर झाली. काका तेव्हा शाळेत होते. दावा अजून चालू होता, आणि तारीख असली की काका कडक इस्त्रीचा सदरा घालून जात व संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत येत. ते लोक त्या जमिनीत पिढीभर राबले होते, हे काकूंनी मला एकदा हळूच सांगितलं. काकांसमोर ते बोलायची सोय नव्हती. स्कूटरवरून त्या वाडीपाशी आले की ते दुसरीकडे बघत.

म्हणून आमचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की भाडेकरूने किल्ली द्यायची आणि जायचं. आमच्या आधीचे सगळे गेले होते. त्यांत एक शाळामास्तर होते, ते तर काकांना स्वतःच्या हाताने काढा करून द्यायचे. त्यांनाही जावं लागलं. "काढा कशासाठी देत होता, ते मी ओळखून होतो," असं काका म्हणायचे.

होळीपौर्णिमेच्या आसपास मला दिवस असल्याचं कळलं. काकूंनी आनंदाने माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. काका दारात उभे राहून बोटांवर काहीतरी मोजत होते.

"म्हणजे करार संपतो तेव्हा तुम्हाला नववा लागणार."

"हो, साधारण."

"चांगलं जुळवलंत."

मला इतका संताप आला की वडी तशीच हातात राहिली. मी वर येऊन रडले. नवरा म्हणाला, लक्ष देऊ नकोस, माणूस तऱ्हेवाईक आहे. पण तोही दुसऱ्या दिवसापासून जागा बघायला लागला. नालासोपाऱ्यात एक मिळत होती ती चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. विरारला एक होती तिथे पाणी टँकरचं. सातव्या महिन्यात माझं काहीतरी बिनसलं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला, नोकरीवर जाणं बंद केलं, जिन्याची चढउतार दिवसातून एकदाच आणि तीही कोणाला तरी धरून. माहेरी जायचा प्रश्नच मिटला, आईच इकडे येणार होती. कुठे येणार होती, ते मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता काकांच्या समुद्राविषयी सांगायला हवं. खालच्या पुढच्या खोलीत त्यांनी काचेची मोठी टाकी ठेवली होती. तिच्यात खाऱ्या पाण्यातले मासे, खडक, वाळू आणि वर निळसर ट्यूब. खिडकीतून तो निळा उजेड रस्त्यावर पडायचा आणि आळीत कोणी म्हणे हा माणूस मंत्रतंत्र करतो, कोणी म्हणे नोटा छापतो. लोकांना आपला संशय येतो याचं काकांना फार समाधान होतं. हा नाद कसा लागला असं मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपला समुद्र गढूळ. आत काय चाललंय ते दिसतच नाही. मला आरपार दिसणारा हवा होता." त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे त्यातल्या त्यात मोकळं वाक्य.

या समुद्रासाठी परदेशी मिठाची पाकिटं मिळत. काकांनी ती नाकारली. वसईच्या माणसाने मीठ बाहेरून आणायचं म्हणजे हद्द झाली! त्यांनी मिठागरातलं मीठ आणून कालवलं आणि पहिले मासे दुसऱ्याच दिवशी पोटं वर करून तरंगले. मग संशय मिठागरावर गेला. शेवटी पाचूबंदरचा एक नाखवा मासेमारीला लांब गेला की तिकडचं स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून आणू लागला. काका ते जिभेवर घेऊन बघायचे.

"हे धक्क्याजवळचं नाही ना?"

"काका, पानी हाय ते. पान्यात मी काय भेसळ करनार? का आता पानी बी सील करून आनू?"

"हो," काका म्हणाले.

त्यानंतर कॅनच्या झाकणांवर पट्ट्या लागल्या. सही काकांची, पट्टी चिकटवायची समुद्रात. आणि सांगायला हरकत नाही, त्याआधीच्या एका कॅनच्या तळाशी खरोखरच धक्क्यावरचा चिखल निघाला होता. संशयी माणसाचं हेच वाईट, तो अधूनमधून बरोबर निघतो आणि मग त्याला आवरणं कठीण होतं. टाकीत तीन थर्मामीटर होते. एक खोटं बोललं तर बाकीचे दोन पकडतील, हा हिशेब. तिन्ही वेगवेगळं सांगायचे.

नारळी पौर्णिमेनंतर काकांनी मुंबईहून समुद्रफूल आणलं. थर्मोकोलच्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पाणी आणि पाण्यात मातकट गुलाबी रंगाचा एक गोळा. नाव फूल असलं तरी तो प्राणी आहे, हे मला तेव्हा कळलं. मांसल बुडावर बसतो, वरती बोटांसारखे कितीतरी शेंडे हलवत राहतो. जागा पसंत पडली तर खडकाला घट्ट धरतो, नाही पडली तर गोगलगाईच्या चालीने सरकत दुसरी शोधतो.

"एकदा बसलं की बसलं," काका मला समजावत होते. "मग त्याला ओढायचं नाही. ओढलं तर फाटतं. त्याला निवांत बसू द्यायचं."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की मी आणि काकूंनी एकमेकींकडे पाहिलं.

समुद्रफूल टाकीत सोडण्याचा सोहळा अर्धा दिवस चालला. आधी पिशवी नुसती तरंगत ठेवली. मग फूल बादलीत काढून, गाठ मारलेल्या बारीक नळीतून टाकीतलं पाणी त्यात थेंब थेंब सोडलं, म्हणजे नव्या पाण्याची हळूहळू सवय होते. "सलाईन लावलंय की काय?" काकू म्हणाल्या. ट्यूबवर वर्तमानपत्र टाकून उजेड मंद केला. काकूंनी कौतुकाने कोलंबीचा तुकडा आणला, तर काका ओरडले, "आल्या आल्या खायला घालायचं नाही! आधी रुळू दे."

"मला तर आल्या दिवशीच पाट्यावर बसवलं होतं," काकू पुटपुटल्या आणि कोलंबी परत घेऊन गेल्या.

काकांनी त्याच्यासाठी जागा ठरवली होती. समोर, मधोमध, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोरचा सपाट खडक. तिथे त्यांनी त्याला हळूच टेकवलं. समुद्रफुलाने अंग आक्रसून घेतलं, बराच वेळ तसंच राहिलं, आणि संध्याकाळी खडक सोडून वाळूवर उतरलं. काकांनी पुन्हा ठेवलं. सकाळी ते काचेला चिकटलं होतं. पुन्हा खडकावर. पुन्हा खाली. टाकीत दोन नारिंगी मासे होते. त्यांनी या फुलात घर करावं म्हणून सगळा खटाटोप, पण मासे कोपऱ्यातून त्याच्याकडे काकांच्याच नजरेने बघत होते.

"कोणीतरी हात लावतंय," काकांनी निष्कर्ष काढला.

आणि म्हणून त्यांनी राखण ठेवली. ती राखण मी. काकू दिवसभर कामात, काकांची बाजारहाटाची फेरी चुकत नसे, आणि मला डॉक्टरांनी बसून राहायलाच सांगितलेलं. सकाळी नवरा मला धरून खाली आणायचा, काकांच्या खुर्चीत बसवायचा, संध्याकाळी वर न्यायचा. काकांनी मला तीन नियम सांगितले. टाकीत हात घालायचा नाही. फूल कुठे सरकतं ते बघत राहायचं. आणि कुठल्याही स्विचला हात लावायचा नाही. बोर्डावरच्या प्रत्येक स्विचवर त्यांनी पट्टी चिकटवली होती, सहीसकट.

"जपून राहा," वर गेल्यावर नवरा मला म्हणाला. "ते मेलं ना, तर आपल्यावर आणतील. काढायला निमित्तच हवंय त्यांना."

मलाही तसंच वाटत होतं. एरवी जो माणूस आम्हाला खिळा ठोकू देत नाही, तो मला आपली खुर्ची का देईल? दुपारी काका मधूनच दार ढकलून येत, आधी माझ्याकडे बघत आणि मग फुलाकडे. मीही आधी त्यांच्याकडे बघायची. मी मुळात संशयी बाई नव्हते. पण त्या खोलीत बसून बसून मला वाटायला लागलं की काकूंच्या कोकम सरबताच्या पेल्यामागेही काहीतरी डाव आहे. बिचाऱ्या काकू. त्या फक्त मला पायाखाली घ्यायला पाट आणून देत होत्या.

फुलाचा मात्र मला लळा लागला. पोटात बाळ वळलं की मी समोर बघायची, तर तेही शेंडे हलवत असायचं. बस ना बाबा कुठेतरी एकदाचं, असं मी मनात म्हणायची. तू बसलास तर आम्हीही बसू.

एक दिवस काकांची तारीख होती. इस्त्रीचा सदरा घालून निघताना त्यांनी पट्ट्या एकदा तपासल्या. मोबाईल ते ठेवत नसत, त्यावरून माणूस कुठे आहे ते कळतं म्हणे. त्या दिवशी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. टाकीतल्या पंपाच्या तोंडाला दुकानदाराने स्पंजची टोपी घालून दिली होती, फूल फिरत फिरत तिथे गेलं तर आत ओढलं जाऊ नये म्हणून. काकांना संशय आला की या स्पंजनेच पाणी खराब होतंय, आणि त्यांनी आदल्या दिवशी तो काढून टाकला होता.

दुपारी वीज गेली. पंप थांबला, ट्यूब विझली, पाणी निपचित झालं. बुडबुडे सोडणारं बॅटरीवरचं छोटं यंत्र तेवढं घरघरत राहिलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात मी पाहिलं, फूल काचेवरून पंपाच्या दिशेने सरकत होतं. इतकं सावकाश की आधी मला भासच वाटला. मग ते पंपाच्या तोंडावर टेकलं आणि त्याचे काही शेंडे तिथल्या फटींत शिरले. तेव्हा कुठे टोपी नाही हे माझ्या लक्षात आलं. वीज कुठल्याही क्षणी येणार होती, आणि आली की पंप सुरू होऊन ते चिरफाळून जाणार होतं.

मी काकूंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या.

"काकू, तो पंप बंद करा. तो तिसरा स्विच."

काकू बोर्डापर्यंत गेल्या आणि थांबल्या. त्यांचा हात वर उठला होता, तो तसाच राहिला. "सील आहे गं," त्या म्हणाल्या.

"मग फाडा ना!"

"मी नाही फाडलं कधी."

त्या बाईने लग्नापासून आपल्याच घरातली लोणच्याची बरणी आपल्या हाताने उघडली नव्हती, हे मला त्या क्षणी खरं कळलं. मला राग आला, त्यांचा नाही. मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. बोर्डापर्यंत जाताना एवढंच मनात होतं की गेली आपली जागा. पट्टी फाडली तर काका काढणार, नाही फाडली तर फूल मेल्यावर काढणार. काढणारच असतील तर निदान हे तरी जगू दे. मी नखाने पट्टी ओढली, काकांची सही मधोमध फाटली आणि स्विच बंद केला.

वीज आली तेव्हा मी खुर्चीपर्यंत पोचलेही नव्हते. ट्यूब लागली, पंखा फिरला, पंप मात्र गप्प होता. काकू टाकीसमोर जमिनीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मीही रडले. फुलाने हळूहळू शेंडे बाहेर काढले आणि संध्याकाळ होईस्तोवर ते तिथून हटलं.

काका आले. त्यांनी आधी बोर्ड पाहिला.

"सील कोणी तोडलं?"

"मी."

"का?"

मी सांगितलं. ते भिंग घेऊन पंपाजवळ वाकले. फटीत गुलाबी कातडीचा एक धागा अडकून राहिला होता.

"वीज यायच्या आधी तोडलं की नंतर?"

"आधी."

"कशावरून?"

माझा तोल सुटणार होता, तेवढ्यात काकू बोलल्या. घरच्या बोलीत नाही, आमच्याशी बोलायच्या त्या शाळेतल्या मराठीत, मलाही नीट कळावं म्हणून. "माझ्या डोळ्यांदेखत. आणि टोपी तुम्ही काढलीत, हेही लिहून घ्या."

काकांनी काही लिहून घेतलं नाही. त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून तो स्पंज शोधून काढला, धुतला आणि पंपाला घातला. पंप चालू केला. स्विचवर नवी पट्टी लावली नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी वर जाऊन नवऱ्याला म्हटलं, गप्प बसलेत म्हणजे काहीतरी शिजतंय.

पुढच्या काही दिवसांत समुद्रफूल बसलं. काकांच्या खडकावर नाही. टाकीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडच्या एका कपारीत, जिथे खुर्चीतून काही म्हणता काही दिसत नव्हतं. काका दोन दिवस टाकीभोवती फिरले. तिसऱ्या दिवशी मी खाली आले तर खुर्ची टाकीच्या बाजूला, खिडकी आणि भिंत यांच्यामधल्या बोळात सरकवलेली होती. तिथे बसलं की गुडघे भिंतीला लागायचे, पण फूल दिसायचं. दोन नारिंगी माशांपैकी एक त्याच्या शेंड्यांत शिरून अंग घासत होता.

करार संपायला आला. नवऱ्याने विरारची जागा जवळजवळ पक्की केली होती. शेवटच्या दिवशी सकाळी काका वर आले, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी किल्ली मागितली. मी दिली.

"सामान खाली घ्या," ते म्हणाले. "पुढच्या खोलीत. उद्या सकाळपर्यंत वरची जागा रिकामी पाहिजे, माझ्या ताब्यात. एक दिवस तरी खंड पडला पाहिजे. नाहीतर कायद्याने तुम्ही चिकटलात."

"आणि उद्या?"

"उद्या नवा करार. तोही अकराच महिन्यांचा," त्यांनी बजावलं.

मग साठी कधीच ओलांडलेल्या त्या माणसाने आमची भांडी, गाद्या, ट्रंक आणि ते कॅलेंडरसुद्धा नवऱ्याबरोबर जिन्यावरून खाली वाहिलं. मला पायरीला पाय लावू दिला नाही, खाली उतरवलं तेवढाच अपवाद. तेव्हा काकू पुढे, नवरा मागे. वरच्या दाराला काकांनी कुलूप घातलं आणि त्यावर पट्टी चिकटवली. आम्ही त्यांच्या घरी पाहुणे म्हणून राहिलो, टाकीशेजारी अंथरूण घालून. काकूंनी कोलंबीचं चांगलं कालवण केलं, आणि लोणच्याची बरणी स्वतः उघडली. काकांनी तिकडे पाहिलं आणि भात कालवायला घेतला.

हे सगळं त्यांनी मायेने केलं का, ते मला आजही सांगता येत नाही. राखणदार हवा होता, असंही असेल. त्या घरात राहिल्यावर कुठल्याच गोष्टीवर चटकन विश्वास बसत नाही.

सकाळी नवऱ्याने आणि काकूंनी मला धरून वर नेलं. काका आधीच दारापाशी उभे होते. त्यांनी कुलपावरची पट्टी वाकून तपासली. रात्रीतून कोणी छेडली नव्हती, सही शाबूत होती. मग ते बाजूला झाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तुम्हीच तोडा," ते म्हणाले. "तुम्हाला सवय आहे."